विंडोज ११ आणि रीपर : इंटरफेसचा ड्रायव्हर उघडत नाही, जुना तानपुरा चढा वाजतो आणि नवे गायन तबल्याच्या मागे पडते

मिरजेचा_षड्ज (प्रश्न)

नमस्कार. मी शास्त्रीय गायन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या रियाजाचे आणि घरगुती बैठकींचे ध्वनिमुद्रण करतो. दोन इनपुटांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन आणि हेडफोन संगणकाला जोडणारे उपकरण), एक कंडेन्सर मायक्रोफोन आणि रीपर हे सॉफ्टवेअर एवढीच माझी सामग्री आहे. विंडोज १० ची अधिकृत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली म्हणून मी विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप घेतला. इंटरफेस मात्र जुनाच ठेवला आहे, कारण त्याचा प्रीअँप, म्हणजे मायक्रोफोनचा क्षीण आवाज वाढवणारा भाग, मला मनापासून आवडतो.

नव्या लॅपटॉपवर इंटरफेसच्या कंपनीचा ड्रायव्हर कोणतीही तक्रार न करता बसतो आणि रीपरमधील एएसआयओ (उपकरणाशी थेट बोलण्याचा मार्ग) ड्रायव्हरांच्या यादीत त्याचे नावही दिसते. ते निवडले की उपकरण उघडता येत नसल्याचा संदेश येतो. म्हणून सध्या मी एएसआयओ-फोर-ऑल हा पर्यायी ड्रायव्हर वापरत आहे आणि त्यात इंटरफेस व लॅपटॉपचे स्वतःचे साउंड कार्ड अशी दोन्ही उपकरणे चालू ठेवली आहेत. इंटरफेसला हेडफोनची एकच जागा आहे, ती गाणाऱ्याला लागते आणि मी लॅपटॉपच्या जागेतून ऐकतो.

या मांडणीत तीन गोष्टी बिघडल्या आहेत. ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे सर्व ठीक चालते, पण नंतर चटचट असा आवाज येऊ लागतो आणि बंदिश लांबली तर तो वाढत जातो. दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करणारी आहे. जुन्या संगणकावर ४४,१०० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने या दराने) तयार केलेला काळी एकचा तानपुरा काही वेळा चढ्या स्वरात वाजतो आणि त्याबरोबरचा तबलाही किंचित जलद होतो. लॅपटॉपवर आधीपासून ब्राउझरमध्ये एखादे गाणे चालू असेल तर हे हमखास घडते. तिसरी गोष्ट अशी की, विद्यार्थी तालात गात असताना समोर बसून मी ऐकलेले गायन मुद्रित झाल्यावर तबल्याच्या किंचित मागे पडलेले दिसते. समेवर येणारा स्वर नेहमी उशिरा पडतो, म्हणजे ही चूक गाणाऱ्याची नाही.

काही परिचितांनी रीपर सोडून दुसरे सॉफ्टवेअर घेण्याचा सल्ला दिला आहे. तसे करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे समजून घेण्याची माझी इच्छा आहे.

ध्वनिपथ_पुणे

आपण लक्षणे वेगवेगळी करून मांडली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. सॉफ्टवेअर बदलू नका. आपण सांगितलेल्या तिन्ही गोष्टी रीपरच्या खाली, म्हणजे ड्रायव्हरच्या थरात घडत आहेत. दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर त्याच ड्रायव्हरवर बसवले तर हाच त्रास तेथेही होण्याची शक्यता मोठी आहे.

विंडोजमध्ये मायक्रोफोनपासून सॉफ्टवेअरपर्यंत आवाज पोहोचण्याचे अनेक मार्ग एकाच वेळी उपलब्ध असतात आणि बहुतेक गोंधळाचे मूळ तेथेच आहे. एमएमई आणि डायरेक्टसाउंड हे जुने मार्ग आहेत. विंडोज व्हिस्टापासून वासापी आला. त्याच्या सामायिक पद्धतीत सर्व प्रोग्रामांचा आवाज विंडोजच्या मिक्सरमध्ये एकत्र होतो, तर अनन्य पद्धतीत एकच प्रोग्राम उपकरणाचा पूर्ण ताबा घेतो. एएसआयओ हा मार्ग स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये आणला, आणि विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून सॉफ्टवेअरला थेट उपकरणाशी बोलू देणे हाच त्याचा हेतू होता. मात्र खरा एएसआयओ ड्रायव्हर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीनेच लिहिलेला असतो. एएसआयओ-फोर-ऑल हे त्या जातीचे नाही. ते विंडोजच्या सामान्य ड्रायव्हरवर चढवलेले एक आवरण आहे, जे रीपरशी एएसआयओच्या भाषेत बोलते आणि खाली विंडोजच्या कर्नल स्ट्रीमिंगमार्फत, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातील (कर्नल) ध्वनिमार्गाने, काम करते. ज्यांच्याकडे कंपनीचा ड्रायव्हर नाही त्यांच्यासाठी ते फार उपयुक्त आहे आणि मी स्वतः ते अनेकांना सुचवतो, परंतु त्याची मर्यादा आपल्या मांडणीने नेमकी गाठली आहे.

चटचट आवाजाचे कारण मला दोन उपकरणांत दिसते. इंटरफेसमध्ये एक घड्याळ असते, लॅपटॉपच्या साउंड कार्डमध्ये दुसरे असते, आणि दोन्ही ४८,००० हर्ट्झ म्हणत असली तरी त्यांचा वेग तंतोतंत सारखा नसतो. समजा त्यांच्यात दर दशलक्षामागे ५० एवढाच फरक आहे, तर दहा मिनिटांत ३० मिलिसेकंद आणि एका तासात १८० मिलिसेकंद एवढे अंतर पडते. हे अंतर एका बफरमध्ये (नमुने थोडा वेळ साठवणाऱ्या जागेत) मावेनासे झाले की कोठेतरी नमुने गळतात किंवा कमी पडतात आणि आपल्याला तो तुटका आवाज ऐकू येतो. पहिली काही मिनिटे ठीक जाणे आणि मग त्रास वाढणे हे याच दोषाचे लक्षण आहे. एएसआयओ-फोर-ऑलमध्ये एकाहून अधिक उपकरणे जोडायची असतील तर ती एकाच घड्याळावर चालणारी असावी लागतात. त्यामुळे लॅपटॉपचे साउंड कार्ड त्या यादीतून काढून टाका. दोघांना ऐकायचे असेल तर इंटरफेसच्या हेडफोनच्या जागेला एक छोटा हेडफोन अँप्लिफायर जोडावा. नुसती वाय आकाराची तार लावली तरी चालते, फक्त तेव्हा दोन्ही हेडफोनना आवाज थोडा कमी मिळतो.

तानपुऱ्याच्या चढ्या स्वराबद्दल एक बारकावा सांगतो. केवळ प्रोजेक्टचा दर एक आणि फाइलचा दर दुसरा असल्याने स्वर चढत नाही, कारण रीपर फाइल वाजवताना दर स्वतः जुळवून घेते. स्वर चढतो तो ड्रायव्हर रीपरला एक दर सांगतो आणि उपकरण प्रत्यक्षात दुसऱ्या दराने चालते तेव्हा. ४४,१०० चे नमुने ४८,००० च्या वेगाने वाजले तर स्वर जवळजवळ दीड अर्धस्वर वर जातो. आपला काळी एकचा तानपुरा अशा वेळी पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कोठेतरी ऐकू येईल आणि मिनिटाला ६० मात्रांची लय ६५ च्या आसपास जाईल. आपले वर्णन याच्याशी जुळते. ब्राउझरने उपकरण आधीच ४८,००० वर धरून ठेवलेले असते, आवरणाला ते हलवता येत नाही, आणि रीपर मात्र ४४,१०० समजून चालते.

यात एक धोका आहे. या अवस्थेत जे नवे गायन मुद्रित होईल ते त्याच संगणकावर त्या वेळी बरोबर वाजेल, पण फाइल बाहेर काढून दुसरीकडे ऐकली की तेवढेच उतरलेले आणि संथ ऐकू येईल. त्यामुळे मधल्या काळातील ध्वनिमुद्रणे पुसू नका. त्यांचा वेग १.०८८४ पटीने वाढवून, स्वर वेगाबरोबर बदलू दिला, तर ती पुन्हा मूळ स्वरात येतात. स्वर कायम ठेवण्याचा रीपरमधील पर्याय तेव्हा बंद ठेवावा लागेल.

पुढे असे होऊ नये म्हणून विंडोजच्या जुन्या साउंड पॅनेलमध्ये जाऊन इंटरफेसच्या प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग या दोन्ही नोंदींचा मूळ दर एकच ठेवा आणि रीपरमध्येही तोच मागा. शिवाय विंडोजचे मुख्य उपकरण म्हणून इंटरफेस निवडू नका, लॅपटॉपचे स्पीकर निवडा. म्हणजे ब्राउझर आणि सूचनांचे आवाज त्या वाटेने जातील आणि इंटरफेस केवळ रीपरसाठी मोकळा राहील. रीपरच्या खिडकीत वर उजवीकडे चालू दर, बफर आणि ड्रायव्हरचा प्रकार लिहिलेला असतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणापूर्वी तेथे नजर टाकण्याची सवय फार मोलाची आहे.

कोमल_निषाद

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण मूळ प्रश्न अजून बाकी आहे. कंपनीचा ड्रायव्हर यादीत दिसतो तरी उघडत का नाही?

यादीत नाव दिसणे आणि ड्रायव्हर चालू असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ड्रायव्हर बसवताना त्याचे नाव विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, लिहिले जाते आणि रीपर किंवा क्यूबेस यांसारखी ध्वनिमुद्रणाची सॉफ्टवेअर तीच नोंद वाचून यादी दाखवतात. प्रत्यक्ष उपकरणाशी बोलणारा कर्नलमधील भाग विंडोजने चालूच होऊ दिला नसेल, तरी नाव तेथे राहते. डिव्हाइस मॅनेजर उघडून इंटरफेसच्या नावापुढे पिवळे चिन्ह आहे का ते पाहा आणि असल्यास त्याच्या गुणधर्मात कोणता क्रमांक लिहिला आहे ते येथे कळवा. ५२ हा क्रमांक असेल तर ड्रायव्हरच्या डिजिटल स्वाक्षरीची पडताळणी झालेली नाही. ३९ असेल तर विंडोजला ड्रायव्हर लोड करता आलेला नाही. नव्या लॅपटॉपवर जुना ड्रायव्हर असताना ३९ दिसला, तर मी सर्वप्रथम मेमरी इंटेग्रिटी या सुरक्षाव्यवस्थेकडे पाहतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी आणि त्याखाली कोअर आयसोलेशन या ठिकाणी ती सापडेल. नव्या संगणकांवर ती बहुधा सुरुवातीपासून चालू असते आणि तिचे नियम न पाळणारे जुने ड्रायव्हर ती लोड होऊ देत नाही.

ती व्यवस्था बंद करून काम भागवण्याचा सल्ला आपल्याला अनेक ठिकाणी मिळेल. मी तो देणार नाही. ज्या लॅपटॉपवर आपण बँकेचे व्यवहारही करत असाल, त्याच्या कर्नलचे संरक्षण एका जुन्या ड्रायव्हरसाठी काढून टाकणे मला योग्य वाटत नाही. आधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या पुढच्या पिढीचा ड्रायव्हर जुन्या मॉडेलला चालतो का ते पाहावे, कारण अनेक कंपन्या एकच एकत्रित ड्रायव्हर पुरवतात. तसा मिळाला तर जुना ड्रायव्हर पूर्ण काढून, इंटरफेसची तार सोडवून, संगणक पुन्हा सुरू करून मगच नवा बसवावा. तार केव्हा जोडायची हे बसवण्याचा प्रोग्राम स्वतः सांगतो आणि तो क्रम पाळणे आवश्यक असते.

असा ड्रायव्हर मिळाला नाही तरी इंटरफेस टाकून देण्याची गरज नसते. यूएसबी ऑडिओ क्लास २ या सर्वमान्य नियमावलीनुसार बनवलेल्या उपकरणांसाठी विंडोज १० च्या २०१७ मधील १७०३ या आवृत्तीपासून विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर उपलब्ध आहे. मात्र तो एएसआयओ पुरवत नाही. त्यामुळे रीपरमध्ये वासापीची अनन्य पद्धत किंवा एएसआयओ-फोर-ऑल यांपैकी एक निवडावे लागते.

मिरजेचा_षड्ज

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आहे आणि क्रमांक ३९ आहे. कोअर आयसोलेशनच्या पानावर विसंगत ड्रायव्हरांची यादी असते, तिच्यात या ड्रायव्हरची फाइल नोंदलेली दिसली. सुदैवाने त्याच कंपनीच्या नंतरच्या मालिकेसाठीचा एकत्रित ड्रायव्हर माझ्या मॉडेललाही लागू असल्याचे त्यांच्या सुसंगततेच्या तक्त्यात लिहिले आहे. सांगितलेल्या क्रमाने तो बसवला आणि आता रीपरमध्ये इंटरफेस थेट एएसआयओने उघडतो. मेमरी इंटेग्रिटी चालूच आहे.

सर्व ठिकाणी दर ४८,००० ठेवला आहे. जुना तानपुरा आता काळी एकवरच वाजतो, ब्राउझर चालू असला तरीही. लॅपटॉपचे साउंड कार्ड मांडणीतून काढल्यापासून लांब बंदिशीतही तो वाढत जाणारा चटचट आवाज आलेला नाही. मात्र गायन मागे पडण्याची गोष्ट कमी झाली असली तरी संपलेली नाही. बफर २५६ आहे. तो आणखी कमी केला म्हणजे हे अंतर नाहीसे होईल का?

अतिविलंबित

बफर कमी केल्याने ते अंतर नाहीसे होणार नाही, कारण येथे दोन वेगळे विलंब आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिला विलंब गाणाऱ्याला गाताना जाणवतो. ४८,००० हर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद. हा बफर आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा लागतो, त्यात परिवर्तकांचा (आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे आवाजात रूपांतर करणाऱ्या भागांचा) वेळ मिळवला की एकूण बारा-तेरा मिलिसेकंदांपर्यंत जाणे सहज शक्य आहे. १२८ वर आणल्यास बफरांचा वाटा निम्मा होतो. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून दहा मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे साडेतीन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका ऐकण्यासारखे आहे, आणि तेवढ्याने कोणाचा ताल सुटत नाही. परंतु गायकाला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकवणे ही गोष्ट वेगळी आहे. तो आपला आवाज हाडांमधून तत्क्षणी ऐकत असतो आणि हेडफोनमधून तोच आवाज काही मिलिसेकंदांनी आला तर दोन्ही मिसळून पोकळ ऐकू येतो. सूर लावताना गायक त्यामुळे अस्वस्थ होतात आणि बऱ्याचदा कारण त्यांना सांगता येत नाही. म्हणून गायनासाठी मी इंटरफेसवरील डायरेक्ट मॉनिटरिंग वापरण्याचा आग्रह धरतो, ज्यात मायक्रोफोनचा आवाज संगणकाला वळसा घालून थेट हेडफोनमध्ये जातो. रीपरमधील त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग तेव्हा बंद ठेवावे, नाहीतर आवाज दुहेरी ऐकू येतो. असे केल्यावर बफर २५६ असो वा ५१२, गाणाऱ्याला फरक पडत नाही आणि संगणकावरचा ताण कमी राहतो.

दुसरा विलंब आपण विचारलेला आहे, म्हणजे मुद्रित झालेले गायन मागे दिसणे. रीपर ड्रायव्हरला विचारते की आत आणि बाहेर जाण्यास एकूण किती नमुन्यांचा वेळ लागतो, आणि मुद्रित आवाज तेवढा आधीच्या क्षणावर सरकवून ठेवते. ड्रायव्हरने खरा आकडा सांगितला तर गायन अचूक जागी बसते. तो काही नमुने कमी सांगत असेल तर तेवढा फरक प्रत्येक ध्वनिमुद्रणात राहतो. आवरणाच्या ड्रायव्हरमध्ये हा फरक मोठा असू शकतो, आणि त्यावरून आपला त्रास आधी अधिक का होता आणि आता कमी का झाला हे समजते.

हा फरक कानाने अंदाज न घेता मोजावा. इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून त्याच्याच इनपुटमध्ये एक तार लावा. त्यापूर्वी फँटम पॉवर (मायक्रोफोनला तारेतून दिली जाणारी वीज) बंद करा, इनपुट लाइनवर ठेवा, डायरेक्ट मॉनिटरिंग आणि ट्रॅकचे मॉनिटरिंग दोन्ही बंद करा, अन्यथा आवाज फिरत राहून मोठा होईल. मग एका ट्रॅकवर टिचकीसारखा तीक्ष्ण आवाज ठेवून तो वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करा. दोन्ही लाटा पूर्ण मोठ्या करून पाहिल्या की अंतर नमुन्यांत मोजता येते. तो आकडा रीपरच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये, ड्रायव्हरने सांगितलेला विलंब वापरण्याच्या पर्यायाखाली जी स्वहस्ते भरायची जागा आहे, तेथे लिहा आणि चाचणी पुन्हा करा. अंतर शून्याच्या जवळ आले तर काम झाले, दुप्पट झाले तर चिन्ह उलट करा. शेवटी बफर बदलून एकदा तीच चाचणी घ्या. अंतर तेवढेच राहिले तर ड्रायव्हर बफरचा हिशेब खरा सांगतो आहे आणि हा आकडा आपण कायम ठेवू शकता. बफरबरोबर अंतरही बदलले, तर ज्या बफरवर मोजले त्याच बफरवर काम करावे.

सह्याद्री_ते_टोरांटो

मॅक वापरणाऱ्या वाचकांसाठी एवढेच जोडतो. तेथे कोअर ऑडिओ हा एकच थर असल्याने एएसआयओचा प्रश्न येत नाही, आणि दोन उपकरणे एकत्र करायची असतील तर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस बनवता येते. त्यात एका उपकरणाचे घड्याळ मुख्य ठरवून दुसऱ्यासाठी ड्रिफ्ट करेक्शन चालू करावे लागते. ती खूण केली नाही तर पहिल्या उत्तरात सांगितलेला चटचट आवाज मॅकवरही येतो.

मिरजेचा_षड्ज

चाचणी केली. अंतर ३१२ नमुने, म्हणजे ६.५ मिलिसेकंद आले आणि बफर १२८ व ५१२ वरही तेवढेच राहिले. आकडा भरल्यावर टिचकी मूळ जागी बसली. काल एका विद्यार्थिनीचा यमन मुद्रित केला आणि सम अगदी तबल्यावर आली. डायरेक्ट मॉनिटरिंगमुळे तिचा षड्जही पहिल्यापासून स्थिर लागला, हे मला विशेष जाणवले.

एकच शंका उरते. बफर १२८ वर असताना क्वचित, अनियमितपणे एखादी टिचकी ऐकू येते. २५६ वर ती येत नाही. हाही घड्याळांचाच दोष असेल का?

ध्वनिपथ_पुणे

आता एकच उपकरण चालू असल्यामुळे घड्याळांचा प्रश्न उरलेला नाही. घड्याळांचा फरक साचत जातो, तर आपण सांगता तो आवाज अनियमित आहे, म्हणजे संगणकातील दुसरा एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला क्षणभर अडवून धरत असावा आणि १२८ नमुन्यांच्या २.७ मिलिसेकंदांत रीपरची पाळी येत नसावी. लेटन्सीमॉन हा प्रोग्राम काही वेळ चालू ठेवला की असा अडथळा कोणत्या ड्रायव्हरकडून येतो ते नावानिशी दिसते. लॅपटॉपवर ते बहुधा वायफायचे किंवा वीज व बॅटरी सांभाळणाऱ्या भागाचे असते. ध्वनिमुद्रणापुरते वायफाय बंद करा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा, उच्च कार्यक्षमतेची वीजयोजना निवडा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि इंटरफेस हबमधून न जोडता थेट लॅपटॉपला जोडा.

मात्र गाणारी व्यक्ती डायरेक्ट मॉनिटरिंगवर ऐकत असेल तर आपल्याला १२८ ची गरजच नाही. गायन मुद्रित करताना २५६ ठेवा. पुढे कधी सॉफ्टवेअरमधील वाद्य कीबोर्डवर प्रत्यक्ष वाजवून मुद्रित करायचे झाले, तर तेथे डायरेक्ट मॉनिटरिंग उपयोगी पडत नाही. त्या वेळी लेटन्सीमॉनचा निकाल येथे टाका, म्हणजे अडवणारा ड्रायव्हर आपण मिळून शोधू.